कोकणात जाताना पिशवीत काय भरावं

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की आपल्याकडची माणसं देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई गाठतात आणि तिथून खाली कोकणात उतरतात. निघताना सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, "परभणीचं 43 अंश सोसतो आपण, रत्नागिरीचं 33 काय करणार?"

करतं हो. आपलं ऊन कोरडं. मे महिन्यात दुपारची हवा अशी सुकी की माठ गार होतो, कूलर चालतो, घाम आल्याआल्या उडून जातो आणि सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग तेवढे राहतात. किनाऱ्यावरची हवा आधीच पाण्यानं भरलेली. तिथं घाम उडत नाही, गळतो. आणि धुतलेला कपडा वाळत नाही. पुन्हा सांगतो, वाळत नाही.

आमचे मामा जिंतूरकडचे. खळ घातलेल्या धोतराशिवाय घराबाहेर पाऊल नाही. बसले की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. माझ्या थोरल्या भावाचं लग्न रत्नागिरीजवळच्या एका वाडीत, मे अखेरीला. मामांनी दोनच धोतरं घेतली. हिशोब साधा, एक अंगावर, एक दोरीवर. घरी तासाभरात वाळतंय की!

प्रवासात मळलेलं धोतर मामांनी पोचल्याबरोबर धुऊन टाकलं. रात्री दुसरं नेसले. जेवणं उरकेपर्यंत त्याची खळ घामानं भिजून अशी चिकट झाली, की मामांना मांडी सुद्धा सोडवेना. मग तेही धुतलं. सकाळी बघतात तर दोन्ही ओलीच. नवरीची आजी म्हणाली, "पाव्हणे, इथं रात्रीत काही वाळत नाही हो."

आता मंगलाष्टकाला नवरदेवामागं मामा उभा लागतोच. दोन भाच्यांनी धोतराची टोकं धरून ते टेबल फॅनपुढं ताणलं. तेवढ्यात लाइट गेली. मग पोरं धोतर घेऊन अंगणातच पळायला लागली, इकडून तिकडं, तिकडून इकडं. बँडवाल्यांना वाटलं वरात निघाली, त्यांनी ढोलावर टिपरी टाकली. आणि मामा बनियन-पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर खिडकीतून ओरडतायत, "अरे वाजवू नका, धोतर आहे ते!" शेवटी आजीनं दिलेला पातळ पंचा नेसून मामा उभे राहिले. लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडं बघतात, मामा पंचा धरून खाली बघतात.

पंच्यावरून आठवलं. आपल्या लग्नांत आहेराला टॉवेल-टोपी देतात ना, ते बंद करा बाबा. त्या टॉवेलानं पाणी टिपत नाही, नुसतं अंगभर फिरतं. एकाचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, कोणी वापरत नाही. द्यायचाच तर चांगला सुती पंचा द्या.

तर पिशवीत काय? पातळ सुती कपडे. जीन्स नको, नायलॉन नको, खळ तर नकोच. जाड नको, पातळ घ्या. आतले कपडे मात्र जास्तीचे घ्या, ओले राहिले की काखेत, जांघेत घामोळ्या आणि गजकर्ण. दस्त्या, म्हणजे हातरुमाल, भरपूर. ओल्या कपड्यांना वेगळी पिशवी, आणि मुक्कामी पोचलात की ती आधी रिकामी करा. कातडी चप्पल बंद पिशवीत ठेवली तर बुरशी धरते, म्हणून रबरी न्या. गोळ्या पाकिटातून सुट्या काढू नका, दमट हवेत मऊ पडतात. मीठ-साखर जवळ असू द्या, घाम गळतो तसं अंगातलं मीठही जातं.

आणि धपाटे. आपल्याकडं दोन-तीन दिवस टिकतात म्हणून डबाभर नेऊ नका, गाडीतच संपवा. शेंगदाण्याची चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात खुशाल न्या. फक्त ओला चमचा घालू नका, आणि यजमानांसाठी थोडी ठेवा, ते मागतातच. नमस्कार.