विहिरीत टेप सोडणारे साहेब

राम राम मंडळी! पाणाड्या आपल्याला माहीत आहे. तळहातावर नारळ धरून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो, "मारा इथं बोअर." पण जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब ठेवायला जिल्ह्याला एक सरकारी साहेबही असतात. वरिष्ठ भूवैज्ञानिक. खातं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए. 1972 साली सुरू झालेलं.

काही विहिरी ह्यांनी कायमच्या निवडून ठेवल्यात, निरीक्षण विहिरी. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात माणूस येतो, टेप आत सोडतो, काठापासून पाण्यापर्यंत किती ते बघतो, त्यातून कठड्याची उंची वजा करतो. झालं काम. बघणाऱ्याला वाटतं, ह्याचा पगार कशाचा?

तर ऐका. आपल्याखाली काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून शेजाऱ्याला दोन इंच पाणी लागतं आणि आपल्या बोअरमधून नुसता फुफाटा उडतो. वरून काही कळत नाही, मोजावंच लागतं. ऑक्टोबरचा आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडतात, पाऊस किती झाला ते बघतात आणि कुठं कधी टंचाई पडेल त्याचा अहवाल करतात. म्हणजे मे महिन्यातल्या टँकरची चाहूल दिवाळीच्या सुमारासच लागलेली असते!

लातूरची पाण्याची रेल्वे आठवते? एप्रिल 2016, मिरजेहून आलेली. मांजरा धरण आटलं, ते सगळ्यांना दिसलं, बोंब झाली. भूजल आटताना कुणाला दिसत नाही.

आता अधिकाराचं. भूजल कायदा 2009 चा, लागू झाला 2014 ला. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून, म्हणजे स्रोतापासून, 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर, बोअर घेता येत नाही. 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली गेलं की कायदा त्याला खोल विहीर धरतो. आपल्याकडं 200 फुटांवर कोण थांबतंय? बोअरची गाडी रात्री येते, उजाडायच्या आत पसार. भूवैज्ञानिक तांत्रिक अभिप्राय देणार, कारवाई महसूलवाल्यांनी करायची. मला विचाराल तर खरी गळती ह्या दोन टेबलांच्या मधे आहे.

बोअरचा बेत असेल तर आधी जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात जा. शुल्क भरलं की जागेचं सर्वेक्षण करून देतात. आणि गावात निरीक्षण विहीर असेल तर ऑक्टोबरचा आकडा ग्रामसेवकाला विचारा, खाली कमेंटमधे टाका.