ओठ शिवला, पण नाकाचं काय?

जन्मतःच वरचा ओठ दुभंगलेल्या बाळाला भूल दिली आहे. सुरी अजून उचललेली नाही. सर्जन निळ्या शाईनं ओठावर बारीक ठिपके मांडतायत. एका मिलिमीटरचा फरक पडला, तरी ओठाची गुलाबी कड पुढे पायरीसारखी दिसत राहते.

आता नजर थोडी वर न्या. नाक बघा. दुभंगलेल्या बाजूची नाकपुडी पसरट आणि चपटी आहे, शेंडा वाकडा. ओठाभोवतीचा गोल स्नायू मध्यावर जुळलेलाच नाही. त्याची टोकं नाकाच्या बुडाशी चिकटलीयत, आणि बाळ रडलं-हसलं की ती नाकाला ओढतात. फट ओठात दिसते खरी, पण व्यंग नाकापर्यंत पोचलेलं असतं.

ओठ जुळतो गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. पुष्कळदा दिवस गेल्याचं आईला तेव्हा नुकतंच कळत असतं. तरी घरोघरी तिलाच विचारतात, ‘ग्रहणात काही चिरलंस का गं?’ ग्रहणाचा आणि विळीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्या बाईला हा प्रश्न कुणीही विचारू नये.

ठिपके झाले. ही पद्धत अमेरिकी सर्जन राल्फ मिलार्ड यांची, १९५५ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत मांडलेली. वर ओढला गेलेला ओठ फिरवून खाली आणायचा. त्यानं नाकाखाली जी जागा उघडी पडते, ती बाजूचा ओठ पुढे सरकवून भरायची. मग स्नायूची टोकं नाकापासून सोडवून एकमेकांना शिवायची. नुसती कातडी शिवली, तर ओठ बंद दिसेल, पण हसताना वाकडा होईल.

नाकाला एवढ्यात हात लावू नका, वाढ खुंटेल, असं पुष्कळ वर्षं मानलं जाई. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे सर्जन हॅरॉल्ड मॅककोम्ब यांनी ओठासोबतच नाकपुडीची कूर्चा, म्हणजे तिला आकार देणारा लवचीक सांगाडा, सोडवून वर उचलली, आणि ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत तपासली. वाढ खुंटली नव्हती. टाळूचं ऑपरेशन, हिरडीत हाड भरणं, वयात आल्यावर नाकावरचा शेवटचा हात, हे पुढे लागू शकतं. पण नाकाची सुरुवात आजच, याच टेबलावर होते.

खरं तर त्याही आधी. जन्मानंतरचे काही आठवडे बाळाची कूर्चा फार मऊ असते, कारण आईकडून आलेलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्याच्या रक्तात असतं. त्या दिवसांत दंतवैद्य टाळूला एक छोटी प्लेट बसवतात, नाकपुडीला आतून आधार देतात आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी ती थोडी बदलतात. फट अरुंद होते, नाकपुडी वर येते. महिने उलटले, की कूर्चा अशी वळत नाही.

म्हणून ‘ऑपरेशनला तीन महिन्यांनी या’ एवढंच सांगून बाळंतिणीला घरी पाठवू नका. टाळूही दुभंगलेली असेल, तर बाळाला ओढून पिता येत नाही. त्याला उभं धरून, काढलेलं दूध वाटी-चमच्यानं कसं पाजायचं, ते तिला दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी होते आणि उपचार मोफत मिळतात. आशाताईंना विचारा, पहिल्याच आठवड्यात.