अलीकडचे गाव पलीकडे

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या नकाशात इलिनॉय आणि मिझुरी या दोन राज्यांमधली सीमा मिसिसिपी नदीच्या पात्राला धरून उतरत जाते. पूर्वेचा काठ इलिनॉयचा, पश्चिमेचा मिझुरीचा, असा सरळ हिशेब. मात्र सेंट लुईसच्या दक्षिणेला, चेस्टर या गावाच्या जरा वर, हा हिशेब मोडतो. तिथे इलिनॉयचा एक तुकडा नदीच्या पश्चिमेला, मिझुरीला चिकटून पडलेला आहे आणि त्या तुकड्यावर कॅस्कॅस्किया नावाचे एक गाव आहे. 2020 च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या 21 भरली. त्याआधी 2010 मध्ये ती 14 होती आणि 2000 मध्ये अवघी 9. एके काळी हेच गाव इलिनॉय राज्याची पहिली राजधानी होते. हे कसे घडले, ते आजच्या भाषणात सांगायचे आहे.

गावाचे नाव मूळचे तिथल्या लोकांचे. इलिनॉय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आदिवासी समूहात कॅस्कॅस्किया ही एक प्रमुख जमात होती. 1675 मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे फ्रेंच धर्मोपदेशक मार्केत यांनी या जमातीच्या, उत्तरेकडे इलिनॉय नदीकाठी असलेल्या मोठ्या गावात आपले धर्मकेंद्र सुरू केले. पुढे शत्रूंचे हल्ले आणि आपसांतले मतभेद यांमुळे ही जमात दक्षिणेकडे सरकत गेली, तिच्याबरोबर धर्मकेंद्रही सरकले, आणि 1703 मध्ये हा सगळा जथा मिसिसिपीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी स्थिरावला. त्या नदीलाही कॅस्कॅस्किया हेच नाव पडले. जागा चांगली निवडली होती. पश्चिमेला मिसिसिपी, पूर्वेला ही लहान नदी, दोहोंच्या बेचक्यात पुराच्या गाळाने पोसलेली काळीभोर सपाट जमीन आणि पूर्वेकडच्या नदीपलीकडे उंच टेकाड. ज्या गाळामुळे ही जमीन सोन्यासारखी पिकत होती, तो गाळ आणणारी नदी आपल्या जागेवर कायम राहणारी नव्हती, याची जाणीव त्या पिढीला नसेल असे नाही. पण पोट भरणाऱ्या जमिनीचा मोह मोठा असतो.

कॅनडातून आणि फ्रान्समधून आलेले शेतकरी व व्यापारी इथे घरे बांधू लागले, जमातीतल्या स्त्रियांशी त्यांचे विवाह झाले, आणि पंधरा-वीस वर्षांत एक फ्रेंच गाव उभे राहिले. या गावाची घडण मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण नंतर आलेल्या इंग्रजीभाषक अमेरिकनांची रीत अगदी वेगळी होती. अमेरिकन शेतकरी आपल्या शेताच्या मधोमध एकटे घर बांधून राही. कॅस्कॅस्कियाचे लोक मात्र गावठाणात एकमेकांच्या शेजारी राहत आणि सकाळी शिवारात जात. लाकडाचे सोट उभे पुरून भिंती करायच्या, फटी माती आणि गवताने लिंपायच्या आणि घराच्या सभोवार पडवी काढायची, अशी त्यांची बांधणी होती. शेते म्हणजे अरुंद पण लांबच लांब पट्टे. सगळ्या शिवाराला मिळून एकच कुंपण असे आणि आपल्या वाट्याच्या कुंपणाची डागडुजी ज्याने त्याने करायची असे. त्याशिवाय गुरांसाठी आणि जळणासाठी गावाचे सामाईक गायरान होते. या गायरानाचे महत्त्व इतके, की 1818 मध्ये इलिनॉयची पहिली राज्यघटना लिहिली गेली तेव्हा गावांना मिळालेल्या अशा सामाईक जमिनी कायम सामाईकच राहतील, असे कलम तिच्यात घालण्यात आले. घटनेत गायरानाला जागा मिळावी, ही गोष्ट मला त्या काळच्या मोठमोठ्या जाहीरनाम्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते.

या शिवारात गहू पिके, गिरण्यांत त्याचे पीठ होई आणि ते पीठ, खारवलेले मांस असा माल घेऊन होड्यांचे तांडे प्रवाहाबरोबर न्यू ऑर्लीन्सला उतरत. दक्षिणेकडच्या दमट हवेत गहू नीट होत नसे. त्यामुळे तिथल्या फ्रेंच वसाहतीचे पोट बऱ्याच अंशी या उत्तरेकडच्या गावांवर अवलंबून होते. परतीचा प्रवास प्रवाहाविरुद्ध, वल्ही मारत आणि दोर ओढत करावा लागे आणि त्याला काही महिने लागत.

अशाच एका परतीच्या वाटेने गावाची घंटा आली. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याने इलिनॉयच्या चर्चसाठी ती भेट दिली. 1741 मध्ये ला रोशेल येथे ओतलेली ही घंटा सुमारे 650 पौंडांची, म्हणजे जवळजवळ तीनशे किलोंची आहे. समुद्रापलीकडच्या राजाची ही भेट, अशा अर्थाचा फ्रेंच मजकूर तिच्यावर कोरलेला आहे. फिलाडेल्फियाची जगप्रसिद्ध स्वातंत्र्यघंटा हिच्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी धाकटी.

पण या गावाचे वर्णन गोडगोड करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते पीठ, ते शिवार आणि त्या होड्यांवरची वल्ही यांमागे गुलामांचे श्रम होते. आफ्रिकी वंशाचे गुलाम गावाच्या लोकसंख्येचा मोठा भाग होते, शिवाय आदिवासी गुलामही होते. आणि गुलाम बाळगणाऱ्यांत खुद्द जेझुइट मंडळीही होती. 1787 मध्ये अमेरिकन काँग्रेसने या प्रदेशात गुलामगिरीला मनाई करणारा कायदा केला, तेव्हा अनेक मालकांनी आपल्या गुलामांसह नदी ओलांडून पलीकडच्या स्पॅनिश मुलखात बिऱ्हाड हलवले. जे मागे राहिले त्यांनी जुन्या फ्रेंच हक्कांचा आधार घेऊन गुलाम ठेवलेच. अशा गुलामांचे वंशज स्वतंत्र आहेत, हे इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवायला 1845 साल उजाडले.

राजकारणात मात्र गावाचे धनी भराभर बदलले. 1763 च्या तहाने फ्रान्सने हा मुलूख इंग्लंडला देऊन टाकला. इंग्रज फौज प्रत्यक्षात दोन वर्षांनी पोहोचली. तोवर बरेच फ्रेंच रहिवासी पलीकडे सेंट जेनेव्हिव्हला किंवा नव्याने वसलेल्या सेंट लुईसला निघून गेले होते. मग अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध आले. जॉर्ज रॉजर्स क्लार्क हा तरुण व्हर्जिनियन सेनानी सुमारे पावणेदोनशे माणसे घेऊन जंगलातून पायी आला आणि 4 जुलै 1778 च्या रात्री त्याने एकही बळी न घेता गाव ताब्यात घेतले. इंग्रजांच्या वतीने कारभार पाहणारा अधिकारी स्वतः फ्रेंचच होता; त्याला त्याच्या घरातच पकडले.

त्या रात्रीनंतरची सकाळ क्लार्कने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. इंग्रजांनी वीस वर्षांपूर्वी कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या फ्रेंच कुटुंबांची ताटातूट करून त्यांना देशोधडीला लावले होते. आता आपलीही तीच गत होणार, अशी गावाला धास्ती होती. गावचे धर्मगुरू पिएर जिबो काही वृद्धांना घेऊन क्लार्ककडे गेले आणि त्यांनी एवढेच मागितले, की एकमेकांचा निरोप घेण्यासाठी लोकांना एकदा चर्चमध्ये जमू द्यावे. क्लार्कने परवानगी दिली आणि नंतर सांगितले, की फ्रान्सच्या राजाने अमेरिकनांशी मैत्रीचा तह केला आहे, कोणाच्या धर्माला वा घराला हात लागणार नाही. भीतीची जागा आनंदाने घेतली आणि चर्चची घंटा वाजू लागली. तेव्हापासून तिला पश्चिमेची स्वातंत्र्यघंटा म्हणतात. हेच जिबो पुढे पूर्वेकडच्या व्हिन्सेन्स या गावी गेले आणि त्यांनी तिथल्या फ्रेंच लोकांचेही मन वळवले. क्लार्कच्या पराक्रमाचे गोडवे पुष्कळ गायले जातात. माझ्या मते त्या मोहिमेचे निम्मे श्रेय या धर्मगुरूंकडे जायला हवे.

यानंतरचा काळ भरभराटीचा. 1803 च्या नोव्हेंबरात लुईस आणि क्लार्क यांची पश्चिमेकडे निघालेली प्रसिद्ध मोहीम इथल्या ठाण्यावरून माणसे भरती करून पुढे गेली. त्यातला क्लार्क हा आपल्या क्लार्कचा धाकटा भाऊ. 1809 मध्ये इलिनॉय हा वेगळा प्रदेश झाला आणि कॅस्कॅस्किया त्याचे मुख्य ठाणे बनले. 1814 मध्ये प्रदेशातले पहिले वृत्तपत्र इथे छापले गेले. 1818 च्या ऑगस्टमध्ये इथेच राज्यघटना तयार झाली आणि त्याच वर्षी 3 डिसेंबरला इलिनॉय राज्य अस्तित्वात आले. राजधानीचा मान मात्र दोनच वर्षे टिकला. 1820 मध्ये राजधानी व्हँडेलियाला गेली. तेही गाव याच कॅस्कॅस्किया नदीवर, फक्त बरेच वर.

ज्या जमातीचे नाव गावाला होते, ती तोवर देशोधडीला लागली होती. रोगराईने आणि लढायांनी तिची संख्या घटत गेली. 1803 च्या तहात तिच्या प्रमुखाने इलिनॉयमधली बहुतेक जमीन अमेरिकन सरकारच्या हवाली केली आणि 1832 च्या तहाने उरलीसुरलीही गेली. आधी कॅन्सस आणि मग ओक्लाहोमा असा प्रवास करत तिचे वंशज आज पिओरिया जमातीत सामावलेले आहेत.

आता नदीकडे वळू. पूर या गावाला नवा नव्हता. 1785 चा पूर मोठा होता, 1844 चा त्याहून मोठा. या दुसऱ्या पुरानंतर जिल्ह्याचे ठाणेही चेस्टरला गेले. पण 1881 मध्ये जे झाले ते निराळे होते. गावाच्या वरच्या अंगाला मिसिसिपी आणि कॅस्कॅस्किया या दोन नद्यांमध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी उरली होती. मिसिसिपीचा वळसा ती पट्टी वर्षानुवर्षे कुरतडत होता. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पट्टी फुटली आणि महानदीचे पाणी लहान नदीच्या पात्रात घुसले. ते पात्र तिला जवळचे आणि सरळ पडले. दहा-एक मैलांचे ते पात्र मिसिसिपीने आपलेसे केले, आपला जुना पश्चिमेकडचा वळसा सोडला, आणि जे गाव इतकी वर्षे तिच्या पूर्वेला होते ते पश्चिमेला पडले.

लहान नदीचे पात्र एवढ्या पाण्याला पुरणारे नव्हते, म्हणून ते रुंदावत गेले आणि रुंदावताना गाव खात गेले. एका रात्रीत बुडाले असते, तर ती दुर्घटना म्हणून संपली असती; इथे मात्र लोक वर्षानुवर्षे रस्त्यामागून रस्ता, घरामागून घर नदीत ढासळताना बघत होते. 1890 च्या दशकात चर्च उतरवून आतल्या बाजूला, नव्या जागी पुन्हा उभे केले. जुन्या दफनभूमीतल्या हजारो अस्थी नदीपार नेऊन टेकाडावरच्या गॅरिसन हिल दफनभूमीत ठेवल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जुन्या गावाची शेवटची जमीनही पाण्यात गेली.

याला एका आदिवासी तरुणाचा शाप कारण झाला, अशी दंतकथा तिकडे सांगतात. कथा रंगतदार आहे. पण खरे कारण शोधायला शापापर्यंत जायची गरज नाही. 1817 नंतर मिसिसिपीवर वाफेच्या बोटी धावू लागल्या. त्यांच्या भट्ट्या लाकडावर चालत आणि ते लाकूड काठावरच तोडून विकले जाई. झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेला काठ उघडा पडला, माती ढासळू लागली, पात्र रुंद आणि उथळ झाले आणि पुराच्या पाण्याला आवर राहिला नाही, असे या भागाचा अभ्यास करणाऱ्यांनी मांडले आहे. नदी हलणारच होती, हे खरे. तिचा वेग वाढवला तो माणसाने.

मग सीमेचे काय झाले? या बाबतीत अमेरिकन कायद्याचे तत्त्व असे आहे, की नदी कणाकणाने सरकली तर सीमाही तिच्याबरोबर सरकते. पण नदीने एकदम उडी मारून नवे पात्र धरले तर सीमा जुन्याच पात्रात राहते. मिसिसिपीने उडी मारली होती. म्हणून गाव इलिनॉयचेच राहिले. आजही तिथले लोक मतदान इलिनॉयमध्ये करतात, दूरध्वनीचा विभागीय क्रमांकही इलिनॉयचाच. पिनकोड मात्र मिझुरीचा, कारण टपाल तिकडून येते.

उरलेले गाव म्हणजे चर्च, घंटेसाठी बांधलेली विटांची छोटी वास्तू, मोजकी घरे आणि चहूकडे शेती. घंटेला तडा गेलेला आहे. जुन्या आणि नव्या पात्रांच्या मधल्या या बेटाभोवती मातीचा बांध आहे. 1993 च्या जुलैमध्ये महापुराने तोही फोडला, सगळे बेट पाण्याखाली गेले आणि रहिवाशांना बाहेर पडावे लागले. काही परतले नाहीत, काही परतले. बांध पुन्हा बांधला, पेरण्या पुन्हा झाल्या. या गावाला मृत शहर म्हणण्याची पर्यटन पुस्तिकांना सवय आहे. ती मला पटत नाही. जिथे प्रार्थना होते आणि पाऊस वेळेवर पडेल का याची चिंता करणारे शेतकरी राहतात, त्याला गावच म्हणावे लागते.

कोणाला जायचेच असेल, तर वाट अशी आहे. पूर्वेकडच्या टेकाडावर जुन्या किल्ल्याचे मातीचे अवशेष आहेत, आणि खाली राज्याचे पहिले उपराज्यपाल पिएर मेनार यांचे घर अजून उभे आहे; जुन्या गावाच्या समोरच्या काठावर असल्याने ते वाचले. टेकाडावरून समोर नदी आणि तिच्यापलीकडे गावाची जमीन दिसते. सरळ रेषेत ती काही मैलच आहे, परंतु मध्ये पूल नाही. म्हणून आधी चेस्टरला जायचे, तिथल्या पुलावरून मिसिसिपी ओलांडून मिझुरीत उतरायचे, उत्तरेला सेंट मेरी या गावापर्यंत यायचे, आणि तिथे मिसिसिपीच्या सोडून दिलेल्या पात्रावरचा छोटा पूल पार केला, की आपण पुन्हा इलिनॉयमध्ये असतो. नमस्कार.