भाडं कोण ठरवतं?

(पडद्यावर शहरांचा तक्ता, नावं वर-खाली सरकताहेत)

जगातल्या मोठ्या शहरांत पगारातला किती हिस्सा घरभाड्यात जातो, याचे असे तक्ते इंटरनेटवर ढिगाने सापडतात. एका रकान्यात सरासरी भाडं, शेजारी सरासरी पगार, केला भागाकार. यातलं भाडं बहुतेकदा जाहिरातींतून उचललेलं असतं, म्हणजे आज घर शोधत फिरणाऱ्याला सांगितलेलं. वीस वर्षं त्याच घरात राहणारा या हिशेबात येतच नाही.

(लालबागची गल्ली, जुनी इमारत, मागे टॉवर)

मुंबईत तर हा हिशेब एका गल्लीतही जुळत नाही. डावीकडे पागडीची इमारत, म्हणजे भाडेकरूने सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन राहण्याचा हक्क घेतलेली. अशा खोल्यांचं भाडं आजही महिन्याला काहीशे रुपये असतं, कारण 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. मालकांनी मग डागडुजीतून अंग काढून घेतलं, हे भिंतींवर दिसतंच आहे. उजवीकडच्या टॉवरमधला भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर आलेला. आधी डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि करार संपला की वाढ. या दोघांची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तो दोघांपैकी कुणीच भरत नाही.

(पुन्हा तक्ता, लाल रेघ)

भाडं पगाराच्या 30 टक्क्यांच्या वर गेलं की परवडत नाही, असं सांगणारी ही रेघ आली अमेरिकेतून. 1969 मध्ये सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने ठरलं, की सरकारी घरातल्या भाडेकरूकडून उत्पन्नाच्या 25 टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही. 1981 मध्ये त्याचे 30 झाले. बंधन मालकावर होतं, आणि मालक होतं सरकार. न्यूयॉर्कचे खाजगी घरमालक आज भाडेकरूकडे मागतात ते वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट. गणित करून बघा, तेच 30 टक्के. फक्त आता ते भाडेकरूला दारात अडवायला वापरतात. महिना 4,000 डॉलरच्या घरासाठी वर्षाला 1,60,000 डॉलर कमाई दाखवायची. आणि मॅनहॅटनमध्ये 4,000 डॉलर म्हणजे काही राजेशाही थाट नव्हे.

(व्हिएन्ना. लांबच लांब इमारत, कमानी, ट्राम)

आता ही इमारत नीट बघा. कार्ल-मार्क्स-होफ, व्हिएन्ना महापालिकेने बांधलेली भाड्याची घरं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किलोमीटरहून जास्त. वास्तुविशारद कार्ल एन, बांधकाम 1927 ते 1930, घरं सुमारे 1,400. या कमानींतून आत गेलं की बागाच बागा, कारण एकूण जागेच्या पाचव्या हिस्स्याहूनही कमी जागेवर बांधकाम आहे. आत बालवाड्या, वाचनालय, न्हाणीघरं, सामायिक धुलाईघरं. त्यातल्या एका धुलाईघरात आता संग्रहालय आहे.

त्याआधीचं व्हिएन्ना ओळखीचं वाटेल. मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून बाहेर एक नळ. संडासही बाहेरच. ज्यांना खोली परवडत नव्हती, ते नुसती खाट भाड्याने घ्यायचे, तीही काही तासांपुरती. गिरणगावात पाळीपाळीने झोपणाऱ्यांच्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना जास्त सांगायला नको.

1923 मध्ये शहराने गृहबांधणी कर लावला. लावणारे ह्युगो ब्राइटनर, शहराचा अर्थकारभार बघणारे, पेशाने बँकर. कर चढत्या भाजणीचा: कामगाराच्या खोलीवर नाममात्र, हवेलीवर घसघशीत. सगळ्यात महागड्या अर्धा टक्का मालमत्तांनी या कराचा जवळपास 45 टक्के भरणा केला. त्याखेरीज शॅम्पेन, मोटारी, घरातले नोकर, सगळ्यांवर वेगळे कर. या पैशातून 1934 पर्यंत 60,000 हून जास्त घरं उभी राहिली, आणि बांधकामाचा खर्च भाड्यात धरलाच नाही. भाडं फक्त देखभालीपुरतं. कामगाराच्या पगारातले चार-पाच टक्के.

(वरळी, बीडीडी चाळ. लांब व्हरांडा, दारांची रांग)

त्याच काळात मुंबईही घरं बांधत होती, हे आपण विसरतो. 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट, म्हणजे बीडीडी, स्थापन झालं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांची घोषणा होती 50,000 खोल्यांची. पैसा कर्जातून, शिवाय शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून 207 चाळी झाल्या. प्रत्येकीत तळ अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या. हा व्हरांडा बघा, टोक दिसत नाही. खोली 160 चौरस फुटांची. संडास मजल्याच्या टोकाला.

पण इथला हिशेब उलटा होता. बांधकामाचा खर्च भाड्यातून वसूल व्हायला हवा होता. तो गिरणी कामगाराला झेपेना, त्यात वरळी गिरण्यांपासून लांब. शहरात माणसं दाटीवाटीने राहत होती आणि इथे नव्याकोऱ्या चाळी रिकाम्या पडल्या होत्या. सिमेंट तेच, दशक तेच. फरक खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा एवढाच होता, आणि माझ्या मते सगळ्या तक्त्यांचं मूळ तिथेच आहे.

(विरार स्टेशन, सकाळची लोकल)

ज्यांना भाडं झेपत नाही, ते विरारला जातात, बदलापूरला जातात, आणि रोजचे तीन-चार तास गाडीत घालवतात.

(पनवेलजवळचं कोन, टॉवरांची रांग)

2008 मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाने, पुन्हा भाड्याच्या घरांची योजना आणली. खोलीचं माप? 160 चौरस फूट. नव्वद वर्षांत माप तेवढं टिकलं. कोनच्या या इमारती त्याच योजनेतल्या. पुढे दोन-दोन खोल्या जोडून 320 चौरस फुटांची घरं केली आणि लॉटरी काढून माजी गिरणी कामगारांना विकली. गिरणी कामगाराला घर मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण भाड्याचं घर यादीतून गेलं. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पहिल्या 556 रहिवाशांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीही मालकीची.

(व्हिएन्ना, अंगणात खेळणारी मुलं)

व्हिएन्नातही सगळं आलबेल नाही. खाजगी भाडी तिथेही चढलीत, आणि महापालिकेने मध्यंतरी काही वर्षं स्वतः बांधणं बंद ठेवलं होतं. पण आहेत ती घरं विकली नाहीत. आजही तिथल्या महापालिकेच्या मालकीची सुमारे 2,20,000 घरं भाड्यावर आहेत, आणि त्यांतले बहुतेक करार बिनमुदतीचे आहेत.