कॉल गेला, पोचला का?

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात आपलं माणूस दाखल असेल, तर कॉल बुक नावाचं जाडजूड रजिस्टर तुम्ही पाहिलं असेल. मेडिसिनच्या पेशंटला सर्जनने तपासावं असं वाटलं, की हाऊसमन, म्हणजे वॉर्डातला ज्युनिअर निवासी डॉक्टर, त्यात चार ओळी खरडतो आणि वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, ते काखेत मारून दुसऱ्या इमारतीकडे निघतात. सर्जन ऑपरेशन थिएटरात असले तर बुक टेबलावर पडून राहतं. इकडे मात्र सगळे निर्धास्त, कारण कॉल गेलेला असतो!

1995 च्या सुमारास पेजर, म्हणजे निरोप आला की वाजणारी खिशातली छोटी यंत्रं, आले आणि काही वर्षांतच मोबाइलने त्यांना घालवलं. परदेशात ते चिवट निघाले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत 2019 साली जवळपास 1 लाख 30 हजार पेजर होते. 2021 अखेर ते बंद करा, असं सरकारला सांगावं लागलं. जाड भिंतींआड, तळघरातसुद्धा पेजर वाजतो, हा त्याचा गुण. पण साधा पेजर एकतर्फी. निरोप मिळाला की नाही, पाठवणाऱ्याला पत्ताच नाही.

मग व्हॉट्सॲपने काय केलं? निळ्या टिका आल्या. चाळीस जणांच्या ग्रुपवर "आयसीयूत कुणीतरी या" असं पडतं, त्यावर तीन अंगठे येतात, आणि जो तो समजतो, दुसरा गेला असेल. शिवाय पेशंटचे रिपोर्ट कुणाकुणाच्या खासगी फोनमध्ये साठतात, ते वेगळंच.

माझ्या मते नंबर माणसाचा नको, ड्युटीचा हवा. 'मेडिसिन ऑन-कॉल' हा एकच फोन. सकाळी ड्युटी बदलली की तो पुढच्याच्या हातात द्यायचा, चार्जरसकट. भिंतीवरच्या त्या जुनाट यादीत डॉक्टरांची नावं शोधायला नकोत. त्यातले निम्मे केव्हाच पास होऊन गेलेले असतात.

दुसरं, ऐकलेलं परत म्हणून दाखवणं. रात्री दोनला लॅबमधून फोन येतो, "पोटॅशियम सहा पॉइंट आठ." एवढ्या आकड्याला हृदय केव्हाही दगा देऊ शकतं. "बरं" म्हणून फोन ठेवायचा नाही. सिस्टरने पेशंटचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर आणि आकडा परत सांगायचा, लॅबवाल्याने "बरोबर" म्हणायचं, मग वेळ टाकून लिहायचं. खाटेच्या नंबरावर तर मुळीच विसंबू नये. आमच्याकडे गर्दी झाली की पेशंट खाटेवरून गादीवर, गादीवरून दुसऱ्या खाटेवर जातो.

ड्युटी बदलतानाचा निरोपही असाच. अमेरिका आणि कॅनडातल्या 9 रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना तो ठरावीक क्रमाने द्यायला शिकवलं, आणि उपचारातल्या चुका 23 टक्क्यांनी घटल्या. हा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्याला कुठलंही महागडं यंत्र लागलं नव्हतं.

आता खरी अडचण. पहाटे तीनला इंटर्नला शंका येते, पण "सर झोपलेत, उठवलं तर झापतील" म्हणून तो थांबतो. फोन कितीही चांगला घ्या, ही भीती तशीच राहते. म्हणून नियमच लिहून लावावा: दहा मिनिटांत उत्तर नाही आलं, तर त्याच्या वरच्याला फोन, तिथेही नाही, तर थेट युनिटप्रमुखाला. आणि त्या कागदावर खाली सही युनिटप्रमुखाचीच असावी, म्हणजे झापायची सोयच राहणार नाही.