दहा लिटरच्या डब्यात आरटीएक्स ४०९०

टेबलावरची ही दोन ग्राफिक्स कार्डं, म्हणजे संगणकात चित्रं तयार करणारे भाग, बघा. डावीकडचं जीटीएक्स १०८०, २०१६ सालचं. लांबी २६७ मिलिमीटर, जाडी दोन स्लॉट (एक स्लॉट म्हणजे सुमारे २० मिलिमीटर), वीज १८० वॉट. उजवीकडचं आरटीएक्स ४०९०, २०२२चं. लांबी ३०४, जाडी ६१ मिलिमीटर, वीज ४५० वॉट. आणि त्यांच्या पुढ्यातला हा मिनी-आयटीएक्स, म्हणजे लहान मापाचा मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड), १७० बाय १७० मिलिमीटर. कार्डापुढे तो किती लहान दिसतोय!

आता कव्हर काढूया. प्रत्यक्ष गणितं करणारी चिप ही, मधली. जेमतेम एक इंच लांब, एक इंच रुंद. बाकीचा बहुतेक पसारा उष्णता बाहेर काढण्यासाठी आहे. चिपवर व्हेपर चेंबर (उष्णता पसरवणारी धातूची चपटी, पोकळ पेटी), त्याला जोडलेले धातूचे पातळ पत्रे, दोन पंखे. वाढला आहे तो मुख्यतः हा कूलर.

संगणकाचा हा डबा सुमारे दहा लिटरचा. त्यातले अडीच लिटर एकटं कार्डच खाणार. त्यामुळे ते मदरबोर्डावर उभं राहत नाही, त्याच्या पाठीमागे जातं. मधल्या पत्र्याच्या एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला कार्ड आणि दोघांना जोडणारी ही चपटी रायझर केबल. आधी एसएफएक्स, म्हणजे लहान मापाचा पॉवर सप्लाय बसवायचा, मग केबली ओढून घ्यायच्या, कार्ड सगळ्यात शेवटी. तिरकं धरून, पुढची कड आधी आत. इथे घाई नको, रायझर दुमडतो.

अवघड जागा पुढे आहे. कार्डाला वीज देणारी ही केबल कनेक्टरपासून निदान ३५ मिलिमीटर सरळ जाऊ द्यावी, मगच वळवावी, असं केबल बनवणारे सांगतात. इथे काचेचं दार लावल्यावर तेवढी जागा उरत नाही, म्हणून जाळीचं दार घेतलं आणि काटकोनी जोड लावला. ४०९०चे कनेक्टर वितळल्याच्या घटना घडल्या आहेत, तेव्हा प्लग पूर्ण आत बसलाय ना, हे डोळ्यांनी बघायचंच.

कार्ड बारीक होऊ शकतं, हे मात्र सिद्ध झालंय. जानेवारी २०२५मध्ये आलेलं एनव्हिडियाचं स्वतःचं आरटीएक्स ५०९० बघा. वीज ५७५ वॉट, तरी जाडी फक्त दोन स्लॉट. सर्किट बोर्ड आक्रसून मधोमध घेतला, त्यामुळे दोन्ही पंख्यांची हवा पत्र्यांतून आरपार जाते. त्याच चिपची इतर कंपन्यांची अनेक कार्डं मात्र तीन स्लॉटांपेक्षा जाड आहेत.

एनव्हिडियाने २०२४मध्ये लहान डब्यांसाठी कार्डाची मापं जाहीर केली: लांबी ३०४, केबलच्या वळणासकट उंची १५१, जाडी ५० मिलिमीटर. माझं म्हणणं, कार्ड बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने निदान एक मॉडेल या मापात काढावं, आणि मेमरीचा आकडा जेवढा मोठा छापता, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत खोक्यावर जाडीही छापावी.