एक इंचाची जाळी

(दृश्य: सरकत्या काचेच्या दाराआड काळी-पांढरी मांजर. बाहेर कठड्यावर कबुतरं.)

सकाळचे साडेसहा. पुण्यातली चौथ्या मजल्यावरची बाल्कनी. कठड्यावर कबुतरांची जोडी उतरली आहे आणि काचेच्या अलीकडे या मांजरीचा खालचा जबडा थरथरतोय. मिशा पुढे आल्यात, शेपटीचं फक्त टोक हलतंय. भक्ष्य दिसतं पण मिळत नाही, तेव्हा मांजर अशी दात वाजवल्यासारखी किटकिट करते.

फ्लॅटमधल्या मांजरीचा बराच दिवस या काचेपाशी जातो. ऊन, वारा, मातीचा वास, पानांवरचे किडे, सगळं चार फुटांवर. तिला तिथे जाऊ द्यायलाच हवं. त्याआधी ही बाल्कनी जाळीने बंदिस्त करायची आहे.

(दृश्य: कठड्यावरचा ग्रॅनाइट जवळून. त्यावरून फिरणारा हात.)

झाडाच्या फांदीवर मांजरीची नखं रुततात. पाय घसरला तरी ती लटकून राहते. या घोटलेल्या ग्रॅनाइटवर नखाला धरायला काहीच नाही. कबुतर उडतं, ती झेपावते, मागचे पाय निसटतात. दुपारी याच गार दगडावर तिला झोप लागते आणि कूस बदलताना तोल जातो.

(दृश्य: उलट्या सोडलेल्या मांजरीची जुनी छायाचित्रमालिका.)

मांजर पायांवरच पडते म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांची ही छायाचित्रं १८९४ सालची आहेत. आधी पुढचं अर्धं शरीर वळतं, मग मागचं, आणि जमीन येईपर्यंत चारही पाय खाली. म्हणजे समज खरा आहे. पण वेग तोच राहतो. हनुवटी आपटते, टाळू फाटतो, छातीला मार बसतो, पाय मोडतात. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरींची नोंद १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचल्या, हा त्यातला आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्या नोंदीत दवाखान्यापर्यंत पोचलेल्या मांजरीच होत्या.

(दृश्य: नायलॉनची जाळी, खालच्या कोपऱ्यात मुठीएवढं भोक.)

ही कबुतरांसाठी लावलेली जाळी. बाहेरच्या पक्ष्याला आत येऊ न देणं एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते. मांजर आतून दाढेखाली एकच दोरा धरते आणि चावत राहते. टोकं बघा, तुटलेली नाहीत, कातरल्यासारखी आहेत. एक दोरा गेला की शेजारची गाठ सैल पडते. त्यात उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं, आणि जाळी हुकांना बांधणाऱ्या प्लास्टिकच्या केबल टाय तर त्याहून आधी कडकन तुटतात. जाळी लावलेली आहे या भरवशावर दार उघडं ठेवलं जातं, म्हणून मांजर असलेल्या घरात या जाळीवर विसंबू नका.

सध्या लोकप्रिय असलेलं तारांचं अदृश्य ग्रिलही मांजरीसाठी पुरत नाही. दोन तारांमध्ये साधारण दोन इंच अंतर असतं आणि तारा दाबल्या की फाकतात. मांजरीचं गळ्याजवळचं हाड इतर हाडांना जोडलेलं नसतं, स्नायूंमध्ये मोकळं असतं. त्यामुळे जिथून डोकं गेलं तिथून खांदे जातात आणि मागोमाग सगळी मांजर.

(दृश्य: फॅब्रिकेटरचं दुकान. वेल्डमेशचा रोल उलगडतोय.)

आपल्याला हवी वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड करून केलेली ताठ जाळी. १ इंच बाय १ इंचाचा चौकोन, १४ गेज, म्हणजे २ मिलिमीटरची तार. खुराड्याला लावतात ती पातळ षटकोनी जाळी नको. ती पंजाने वाकते आणि तिच्या पिळाच्या टोकांनी पंजे फाटतात. पुण्यात जस्ताचा मुलामा दिलेली जाळी चालते. मुंबईत, रत्नागिरीत, गोव्यात, जिथे खारं वारं लागतं, तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमची चौकट घ्यावी. खर्च वाढतो, पण मुलाम्याची जाळी तिथे लवकर गंजते.

(दृश्य: टेप, खडूच्या खुणा, पाइप कापताना ठिणग्या.)

ही बाल्कनी ९ फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. एका बाजूला भिंत, दुसरी बाजू उघडी. कठड्यापासून स्लॅबपर्यंत ६ फूट. समोर ३ बाय ६ फुटांच्या तीन चौकटी आणि बाजूला ४ बाय ६ ची एक. प्रत्येकीत मध्ये एक आडवा पाइप, नाहीतर सहा फुटांची जाळी मधोमध फुगते. एक इंची चौकोनी पाइप एकूण ८७ फूट लागतो. तो २० फुटांच्या लांबीत मिळतो, म्हणजे पाच नग. पहिल्या नगातून ६, ६, ४, ४ असे तुकडे काढले की तो पूर्ण संपतो. कारागीर आधी खडूने हाच हिशेब मांडतोय. माप तीन जागी घ्या: वर, मध्ये, खाली. स्लॅब आणि कठडा समांतर असतातच असं नाही, इथेच पाऊण इंचाचा फरक निघाला.

जाळी चौकटीच्या आतल्या बाजूला बसवायची. मांजर आतून चढते, अंग टाकते, ढकलते. जाळी आत असली की तो जोर चौकटीवर जातो. बाहेरून लावली तर तोच जोर एकेक स्क्रू उपटत नेतो. कडेवर २० मिलिमीटरची चपटी पट्टी ठेवून दर सहा इंचांवर स्क्रू मारा. जाळी थेट वेल्ड करणं सोपं वाटतं, पण वेल्डच्या ठिकाणी जस्त जळतं आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. वेल्ड केलीच असेल तर त्या जागी जस्ताचा प्रायमर हवा. तारांची कापलेली टोकं पट्टीखाली गेली पाहिजेत. शेवटी कडेवरून उघडं बोट फिरवून पाहा.

(दृश्य: ड्रिल. भोकातून पडणारी भुकटी.)

भिंत कशाची आहे ते ही भुकटी सांगते. राखाडी आली की काँक्रीट, लाल आली की वीट, आणि पांढरट, मऊ, भराभर सांडली की सिपोरेक्स, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे. काँक्रीटमध्ये ८ मिलिमीटरचा अँकर फास्टनर, म्हणजे आवळला की भोकात फुगणारा बोल्ट, धरतो. सिपोरेक्समध्ये तोच फास्टनर आवळताना भोक मोठं होत जातं आणि हाताने ओढला तरी बाहेर येतो. तिथे लांब नायलॉनचा प्लग किंवा केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट, वापरा. भोकं दर दोन फुटांवर, काठापासून किमान तीन इंच आत. भोकांभोवती सिलिकॉन भरा, नाहीतर पहिल्याच पावसात ओल उतरते.

बाजूची चौकट पक्की केलेली नाही. ती बिजागऱ्यांवर आत उघडते आणि आतून कुलूप लागतं. आग लागली तर अग्निशमन दलाला वाट हवी, आणि एसीचं बाहेरचं युनिटही तिथेच आहे. मेकॅनिक येईल तेव्हा मांजर दुसऱ्या खोलीत बंद करायची आणि तो गेल्यावर कुलूप स्वतः लावायचं. मांजर निसटते ती बहुतेक अशा वेळी. सगळ्या चौकटी कठड्याच्या रेषेच्या आत आहेत. तरीही सोसायटीची लेखी परवानगी आधी घेतलेली बरी.

(दृश्य: टेबल टेनिसचा चेंडू फटींवरून फिरतोय.)

हा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो. कोपरे, चौकटी आणि भिंतीमधल्या फटी, पाण्याच्या निचऱ्याचं भोक, सगळीकडे तो लावून बघा. जिथे आत जाईल तिथे पट्टी मारा. घरात पिल्लू असेल तर एक इंचाच्या वर एकही फट नको.

(दृश्य: फळ्या बसताहेत. पाइपवर दोरी गुंडाळणारे हात.)

मांजरीला जमिनीपेक्षा उंची प्रिय. १० इंच रुंदीच्या मरीन प्लायच्या फळ्या, एकीपेक्षा दुसरी १२ ते १५ इंच वर, जिन्यासारख्या तिरक्या. वर काथ्याची चटई, म्हणजे उडी मारल्यावर पाय घसरत नाही. उघडणाऱ्या चौकटीजवळ फळी ठेवू नका. नखं घासायला चार इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा घेतलाय, त्यावर ८ मिलिमीटरची काथ्याची दोरी. वळण वळणाला चिकटून गुंडाळायचं, साधारण ४० मीटर दोरी लागते. सैल वळणात नख अडकतं, म्हणून दोन माणसं लागतात: एक पाइप फिरवतो, दुसरा दोरी ताणून धरतो.

(दृश्य: कुंड्या आत येताहेत, काही बाहेर जाताहेत.)

लिली बाहेर. तिचे परागकण अंगावर पडले आणि मांजरीने ते चाटले, एवढ्यानेही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कण्हेर, सायकस, कोरफड, डिफेनबेकिया, मनी प्लांट, हीही बाहेर. अरेका पाम आणि स्पायडर प्लांट राहू द्या. पसरट कुंडीत मूठभर गहू पेरले की आठवड्याभरात खायला हिरवं गवत तयार.

(दृश्य: दार चार बोटं उघडलेलं. उंबऱ्यावर एक पंजा.)

उचलून बाहेर ठेवायचं नाही. दार उघडं, माणूस आत बसलेला, आणि परतीची वाट मोकळी. पहिले काही दिवस दहा-दहा मिनिटं. आज ती उंबऱ्यापर्यंत आली, हवा हुंगली, आत गेली. तेवढं पुरे.

त्याआधी लसीकरण आणि नसबंदी झालेली हवी. पिसवा-गोचिडांचं औषध मांजरीचंच घ्या. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजरीला विषारी आहे.

(दृश्य: तिसरा दिवस. वरच्या फळीवर ऊन, जाळीची चौकोनी सावली तिच्या पाठीवर.)

(इथे निवेदन नाही. फक्त आवाज.)

(दृश्य: शेडनेट बांधताना.)

एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडे शेडनेट लावा, पाण्याची दोन भांडी ठेवा, आणि अकरा ते पाच बाल्कनी बंद. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली तर तो उष्माघात असू शकतो. लगेच दवाखाना गाठा.

पावसाळ्याआधी प्रत्येक स्क्रू हाताने हलवून बघायचा. संक्रांतीनंतर जाळीत अडकलेला मांजा काढायचा. मांजर तो गिळते आणि आतडी आवळली जातात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतडं कापलं जाईल.

(दृश्य: संध्याकाळ. खाण्याचा डबा खुळखुळवणारा हात. फळीवरून उतरणारी मांजर.)

रोज सहा वाजता हाच डबा, हाच आवाज. खाणं नेहमी आत आल्यावर, बाहेर कधीच नाही. वरची फळी, मधली फळी, चटई, उंबरा. ती आत आली की दार सरकवायचं आणि खालची कडी लावायची.